हात धुण्यामागे काय असते?
किळस, भीती आणि विचारातली गफलत यांचे मोजमाप

हात स्वच्छ धुवा, असे आपण मुलांना बालवाडीपासून सांगत असतो. मग एखादा मुलगा मधल्या सुट्टीत नळाखाली हात धरून उभा राहतो, घंटा झाली तरी हलत नाही, आणि उशिरा वर्गात येतो तेव्हा त्याच्या बोटांची कातडी पांढरी पडलेली असते, सांध्यांवर भेगा असतात. शिक्षकाची मोठी पंचाईत होते. चांगल्या सवयीबद्दल रागवायचे कसे? आणि रागावून उपयोगही होत नाही. मुलगा मान खाली घालून ऐकतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नळावर असतो.

अशा वागण्यामागे ओसीडी हा मनाचा आजार असू शकतो. मराठीत त्याला मंत्रचळ असा जुना शब्द आहे, पण तो बहुधा थट्टेनेच वापरला जात असल्यामुळे या लेखात मी ओसीडी असेच म्हणणार आहे. या आजारात दोन गोष्टी असतात. पहिली म्हणजे नको असताना मनात पुन्हापुन्हा घुसणारे विचार, शंका किंवा चित्रे. दुसरी म्हणजे त्यांमुळे होणारी तगमग शमवण्यासाठी केलेली, टाळता न येणारी कृती. कोणी धुतो, कोणी कडी-कुलूप तपासतो, कोणी वस्तू सरळ रेषेत लावतो, कोणी मनातल्या मनात ठरावीक शब्द ठरावीक वेळा म्हणतो. शंभरांतल्या एक ते तीन माणसांना आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो असे निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांतून दिसते, आणि पुष्कळदा त्याची सुरुवात शाळेच्या वयातच होते.

आता नळावरच्या मुलाकडे पाहू. त्याच्या मनात काय चालले असेल? 'हाताला जंतू लागले आहेत, मी आजारी पडेन' असे त्याला वाटत असेल तर ती भीती झाली. 'आजार वगैरे काही नाही, पण बाकाला कोणाचा तरी शेंबूड लागला होता, ते आठवले की शिसारी येते' असे असेल तर ती किळस. आणि 'मी नीट हात धुतले नाहीत, आणि आज आईला काही झाले, तर ते माझ्यामुळेच' असे असेल तर भीती आणि किळस या दोन्हींपेक्षा वेगळी, विचाराच्या जोडणीतच गफलत आहे. बाहेरून पाहणाऱ्याला तिन्ही मुले सारखीच दिसतात. नळ तोच, साबण तोच. फार वर्षे मानसशास्त्रज्ञही बाहेरूनच पाहत होते. आत डोकावून या तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजायचे प्रयत्न प्रामुख्याने १९९० नंतरचे आहेत, आणि त्यांची हकिगत शिक्षकांना उपयोगी पडेल असे मला वाटते.

बाहेरून मोजणे

ओसीडीसाठी लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयाच्या नावाने ओळखली जाणारी एक प्रश्नावली हॉजसन आणि रॅकमन यांनी १९७७ साली प्रसिद्ध केली. त्यात तीस विधाने होती. प्रत्येकापुढे 'बरोबर' किंवा 'चूक' एवढेच लिहायचे. तीसपैकी किती लक्षणे जुळतात हे त्यावरून कळे, पण त्यांनी माणसाचा दिवस किती खाल्ला हे कळत नसे. ती उणीव १९८९ साली अमेरिकेत गुडमन आणि सहकाऱ्यांनी तयार केलेल्या येल-ब्राउन मापनश्रेणीने भरून काढली. ही प्रश्नावली नव्हे, प्रशिक्षित माणसाने घ्यायची मुलाखत आहे. विचारांबद्दल पाच आणि कृतींबद्दल पाच असे दहा प्रश्न: रोज किती वेळ जातो, कामात किती अडथळा येतो, किती त्रास होतो, विरोध करण्याचा प्रयत्न किती होतो, आणि ताबा किती राहतो. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण चाळीस. सोळाच्या पुढे गुण गेले तर आजार मध्यम किंवा त्याहून तीव्र मानतात. मुलांसाठी याच श्रेणीचे वेगळे रूप १९९७ साली प्रसिद्ध झाले.

या श्रेणीची खुबी अशी, की रुग्ण धुतो की तपासतो याला गुणांत महत्त्वच नाही. ताप मोजताना आपण मलेरिया की टायफॉइड हे विचारत नाही, तसेच हे. पण थर्मामीटरची जी मर्यादा, तीच हिचीही. ताप किती ते कळते, कशाचा ते कळत नाही.

किळस

किळस ही भावना तशी विज्ञानाच्या दृष्टीने उपेक्षितच राहिली. डार्विनने १८७२ साली भावनांच्या आविष्कारावर लिहिलेल्या पुस्तकात तिची दखल घेतली होती. नाक आक्रसणे, वरचा ओठ उचलला जाणे, तोंडातले बाहेर टाकल्यासारखा चेहरा करणे, ही लक्षणे त्याने नोंदली. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे भीतीवर ढिगाने संशोधन झाले आणि किळस कोपऱ्यात पडून राहिली. तिला बाहेर काढले ते पॉल रोझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने.

रोझिन आणि सहकाऱ्यांचे १९८६ सालचे प्रयोग वर्गात सांगण्यासारखे आहेत. निर्जंतुक केलेले मेलेले झुरळ फळांच्या रसाच्या ग्लासात बुडवून काढले. रसात जंतू नाहीत हे सर्वांना ठाऊक होते, तरी तो रस लोकांना प्यावासा वाटेना. दुसऱ्या प्रयोगात दोन रिकाम्या बाटल्यांत लोकांच्या डोळ्यांदेखत एकाच पुड्यातली साखर ओतली. 'साखर' आणि 'सोडियम सायनाइड' अशा दोन चिठ्ठ्या त्यांच्याच हातात देऊन कोणती कोणत्या बाटलीवर चिकटवायची हेही त्यांनाच ठरवू दिले. तरीसुद्धा 'सायनाइड'च्या बाटलीतल्या साखरेचे पाणी प्यायला लोक कां-कूं करू लागले. ही माणसे आजारी नव्हती. तुमच्याआमच्यासारखीच होती.

यातून किळसेचे दोन नियम दिसतात. एकदा स्पर्श झाला की तो कायमचा लागतो, हा पहिला. आणि जे सारखे दिसते ते सारखेच असते, हा दुसरा. दोन्ही नियम तर्काला धरून नाहीत, पण उत्क्रांतीच्या दृष्टीने पाहिले तर मूर्खपणाचेही नाहीत. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे 'शंका आली की टाकून द्या' हा नियम सूक्ष्मदर्शकाच्या आधीच्या जगात स्वस्त आणि सुरक्षित होता.

हाइट, मॅकॉली आणि रोझिन यांनी १९९४ साली किळस मोजण्यासाठी बत्तीस विधानांची श्रेणी तयार केली. अन्न, प्राणी, शरीरातून बाहेर पडणारे पदार्थ, जखमा, मृत्यू, अस्वच्छता अशा निरनिराळ्या क्षेत्रांतले प्रसंग त्यात आहेत. ही श्रेणी हाती आल्यावर एक गोष्ट पुन्हापुन्हा आढळली. ज्यांचे किळसेचे गुण जास्त, त्यांच्यात धुण्याची आणि विटाळाची लक्षणेही जास्त. सर्वसाधारण चिंता हिशेबातून वजा केली तरी हा संबंध बऱ्याच अभ्यासांत टिकतो. दारे-गॅस तपासणाऱ्यांत मात्र तो बराच सैल असतो. अर्थात दोन गोष्टी बरोबर वाढतात म्हणजे एकीमुळे दुसरी होते असे नव्हे, हे विज्ञानाच्या शिक्षकांना सांगायला नकोच.

मला सर्वांत बोलका वाटतो तो टोलिन आणि सहकाऱ्यांचा २००४ सालचा पेन्सिलींचा प्रयोग. इमारतीतली सर्वांत घाण वाटेल अशी वस्तू रुग्णालाच निवडायला सांगितली. एक नवी पेन्सिल त्या वस्तूला लावली आणि विचारले, ही आता किती दूषित? मग दुसरी नवी पेन्सिल पहिलीला लावली, तिसरी दुसरीला, असे करत बारा पेन्सिली. ज्यांना ओसीडी नव्हता त्यांच्या मते बाराव्या पेन्सिलीपर्यंत दूषितपणा शून्यावर आला. विटाळाची भीती असलेल्या ओसीडीच्या रुग्णांच्या मते तो चाळीस टक्क्यांनीच कमी झाला. म्हणजे मूळ घाणीपासून बारा पायऱ्या दूर असलेली कोरी करकरीत पेन्सिलही त्यांना निम्म्याहून अधिक घाण वाटत होती. घरी आल्यावर दप्तर, दप्तरावरून हात, हातावरून पलंग, पलंगावरून सगळे घर अशी साखळी या मुलांच्या मनात कशी तयार होत असेल, याची कल्पना यावरून येते.

वर्गात याची छोटी आवृत्ती करता येईल. दुकानातून आणलेला, उकळून घेतलेला नवा कंगवा पाण्याच्या ग्लासात बुडवा आणि मुलांना विचारा: हे पाणी प्यावेसे किती वाटते? शून्य ते दहा आकडा चिठ्ठीवर लिहा. मग असाच उकळलेला नवा चमचा दुसऱ्या ग्लासात बुडवून तोच प्रश्न विचारा. आकड्यांत फरक का पडला यावर चर्चा छान रंगते. पाणी कोणाला प्यायला मात्र लावू नका, आणि चिठ्ठ्यांवर नावे नकोत.

भीती आणि किळस वेगळ्या कशा ओळखायच्या?

मुले म्हणतात, 'मला कसंतरी होतं.' यात भीती, किळस, लाज सगळेच बसते. शरीर मात्र थोडा फरक करते. भीतीत छाती धडधडते, पळायची तयारी होते. किळसेत पोट ढवळते, आणि नाकाच्या दोन्ही बाजूंचा, वरचा ओठ उचलणारा स्नायू आकुंचन पावतो. चेहऱ्यावर छोटे विद्युताग्र लावून त्या स्नायूची हालचाल नोंदता येते. त्याहून साधा मार्ग म्हणजे पायऱ्यांची कसोटी. कचऱ्याच्या डब्याजवळ उभे राहणे, झाकणाला बोट लावणे, पूर्ण तळवा टेकवणे अशा पायऱ्या ठरवतात. रुग्ण किती पायऱ्या चढतो ते पाहतात, आणि प्रत्येक पायरीवर 'भीती किती' आणि 'किळस किती' असे दोन वेगळे आकडे विचारतात. प्रश्न दोन केल्याबरोबर उत्तरेही दोन येतात, ही साधी गोष्ट लक्षात यायला बराच काळ गेला.

हे वेगळेपण उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. भीतीत एक भाकीत दडलेले असते: 'हात लावला तर आजारी पडेन.' हात लावला, चार दिवस गेले, काही झाले नाही, की भाकीत खोटे ठरते आणि भीती उतरते. किळसेत असे भाकीतच नसते. 'ते घाण आहे' याला खोटे कसे पाडणार? कोळ्याला घाबरणाऱ्या माणसांवर २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपचाराबरोबर भीती आणि किळस दोन्ही उतरल्या, पण किळस सावकाश उतरली. धुण्याच्या ओसीडीतही असेच दिसते. फक्त भीतीचा आकडा पाहून उपचार थांबवले तर किळस मागे राहण्याचा धोका असतो.

विचारातली गफलत

आता तिसरा धागा. रॅकमन आणि मूळचे श्रीलंकेचे पद्मल डी सिल्वा यांनी १९७८ साली दाखवले, की ओसीडीच्या रुग्णांच्या मनात येतात तसे विचित्र, भयंकर, लाजिरवाणे विचार बहुतेक निरोगी माणसांच्या मनातही येतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या तेरा देशांच्या पाहणीत ७७७ विद्यार्थ्यांपैकी सुमारे चौऱ्याण्णव टक्क्यांनी गेल्या तीन महिन्यांत असा निदान एक तरी विचार आल्याचे सांगितले. (त्या तेरा देशांत भारत नव्हता.) गच्चीच्या कठड्यापाशी उभे असताना 'आपण उडी मारली तर?' असे वाटून गेले नाही असा माणूस विरळा. आपण तो विचार झटकतो आणि चहा प्यायला जातो. ओसीडीचा रुग्ण मात्र थबकतो: असा विचार मला आलाच कसा?

म्हणजे फरक विचारात नाही, विचाराला दिलेल्या अर्थात आहे. साल्कोव्हस्किस यांनी १९८५ साली हे सूत्र मांडले. त्यांचा भर फुगलेल्या जबाबदारीच्या जाणिवेवर होता: 'अनर्थ टाळणे माझ्या हातात आहे, आणि तो झाला तर दोष माझा.' पुढे १९९६ साली शफ्रान, थॉर्डर्सन आणि रॅकमन यांनी एकोणीस विधानांची एक श्रेणी दिली. विचार आणि कृती एकच मानण्याची प्रवृत्ती ती मोजते. या प्रवृत्तीची दोन रूपे आहेत. वाईट विचार करणे वाईट कृत्याइतकेच पाप आहे, हे एक. आणि अपघाताचा विचार मनात आणला तर अपघात होण्याची शक्यता वाढते, हे दुसरे. 'शुभ बोल रे नाऱ्या' म्हणणाऱ्या समाजात आपण सगळेच या श्रेणीवर थोडेफार गुण मिळवू. आकडा शून्य असणे हे निरोगीपणाचे लक्षण नव्हे. आकडा वाढत जाऊन माणसाला कृती करायला भाग पाडू लागतो, तिथे आजार सुरू होतो.

यातच स्मरणाविषयीचा एक सुंदर प्रयोग येतो. वारंवार तपासणाऱ्यांची स्मरणशक्ती कमजोर असते, असा अनेकांचा समज होता. व्हॅन डेन हाउट आणि किंट यांनी २००३ साली निरोगी विद्यार्थ्यांना संगणकाच्या पडद्यावरची गॅसची शेगडी वीस वेळा तपासायला लावली. शेवटी, आत्ता कोणत्या खुंट्या फिरवल्या, हे त्यांना बरोबर सांगता आले. स्मरणशक्ती शाबूत होती. पण आठवण पुसट झाली होती आणि तिच्यावरचा भरवसा घसरला होता. म्हणजे शंका आली म्हणून तपासले, आणि तपासल्यामुळेच शंका वाढली. वही खोडून पुन्हापुन्हा तेच उत्तर लिहिणाऱ्या मुलाला 'एकदा नीट तपासून बघ म्हणजे खात्री होईल' असे सांगणे किती उलटे पडू शकते, हे यावरून लक्षात यावे.

मराठीत आणताना

या श्रेण्या मराठीत आणायच्या म्हणजे नुसते भाषांतर करून भागत नाही. किळसेच्या मूळ श्रेणीत माकडाचे मांस खाऊन बघण्याबद्दल एक विधान आहे. आपल्याकडे त्याला 'नाही' म्हणणारा माणूस कदाचित शाकाहारी असेल किंवा मारुतीचा भक्त असेल. त्याच्या किळसेबद्दल यातून काहीच कळत नाही. सार्वजनिक शौचालयाच्या बैठकीला अंग न लावण्याबद्दल दुसरे विधान आहे. उकिडवे बसण्याच्या संडासात त्याचा अर्थच उरत नाही. मॉड्स्लीच्या प्रश्नावलीत सार्वजनिक टेलिफोन टाळता का, असे आहे. एस.टी.डी. बूथ दिसेनासे झाल्यावर हा प्रश्न कोणाला विचारायचा? काही आकडे अशुभ असतात का, हाही त्यातलाच एक मुद्दा. 'तीन तिघाडा काम बिघाडा' ऐकत मोठी झालेली माणसे तिथे सहज 'बरोबर' लिहितील.

याहून खोल अडचण सोवळ्या-ओवळ्याची आणि विटाळाची. दुसऱ्याच्या भांड्यातले पाणी प्याल का, असा प्रश्न मराठीत विचारला तर आपण किळस मोजतो, उष्ट्याचे संस्कार मोजतो, की जातीचा पूर्वग्रह? हा आकडा भोळेपणाने 'किळस' या सदरात टाकला तर समाजाने शिकवलेला अन्याय व्यक्तीच्या स्वभावात जमा होईल. बी.एड.ला आपण विश्वसनीयता आणि सप्रमाणता या संज्ञा शिकतो. दोन आठवड्यांनी पुन्हा विचारले तरी उत्तर तेच येईल, म्हणजे प्रश्न विश्वसनीय. पण जे मोजायचे तेच मोजले गेले का? ती सप्रमाणता, आणि ती गावागणिक बदलू शकते. २०२० साली करोनाच्या साथीत सगळे जग दिवसातून वीसदा हात धुऊ लागले. त्या काळात धुण्याच्या प्रश्नांवरचे गुण वाढले तर त्यावरून आजार वाढला असे लगेच म्हणता येणार नाही.

इथे येल-ब्राउन मुलाखतीचा साधेपणा कामी येतो. काय धुता हे सोडून ती किती वेळ जातो, किती अडते, किती छळते हे विचारते. सोवळे पाळणाऱ्या आजीचे काम नियम पूर्ण झाला की संपते. ती समाधानाने स्वयंपाकाला लागते. ओसीडीच्या रुग्णाला 'झाले' असे कधी वाटतच नाही.

शाळेत

शिक्षकाने निदान करायचे नसते आणि वर्गात या श्रेण्या वाटायच्याही नसतात. पण आजार सुरू झाल्यापासून उपचारापर्यंत कित्येकदा वर्षे जातात, आणि रोज पाच-सहा तास मुलाला पाहणारा माणूस शिक्षकच असतो. भेगाळलेले हात, संडासात जाणारा फार वेळ, खोडून फाटलेला कागद, येत असूनही अर्धा राहिलेला पेपर, 'बाई, बरोबर आहे ना?' असे दहादा विचारणे, यांची नोंद ठेवावी. सर्वांसमोर बोलू नये. एकांतात एकच प्रश्न शांतपणे विचारावा: 'समज, धुतले नाहीस, तर काय होईल असे वाटते?' 'आजारी पडेन', 'कसंतरी होतं' किंवा 'आईला काही तरी होईल' यांपैकी जे उत्तर येईल ते पालकांना आणि डॉक्टरांना त्याच्याच शब्दांत सांगावे. त्यातून उपचार कोठून सुरू करायचे याचा पहिला धागा मिळतो.

उपचार आहेत. घाण वाटणाऱ्या वस्तूला पायरीपायरीने सामोरे जायचे आणि त्यानंतरचे धुणे थोपवायचे, या पद्धतीची सुरुवात व्हिक्टर मायर यांनी १९६६ साली दोन रुग्णांच्या अनुभवावरून केली. आज तीच मुख्य मानसोपचारपद्धती आहे. गरजेप्रमाणे औषधेही देतात. हे काम प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञांकडेच व्हायला हवे. शाळेने स्वतःहून नळ बंद करणे किंवा मुलाचे हात मुद्दाम घाण करणे हा उपचार नव्हे, छळ आहे. कोणाकडे जावे हे सुचत नसेल तर ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तेथे मराठीतही बोलता येते.